मेणाचं बूच

आमच्या ह्यांना जगात एक भोक म्हणून उघडं बघवत नाही. खिडकीच्या चौकटीत फट दिसली, लाव मेण. नळ ठिबकला, लाव मेण. माझ्या शिवणयंत्राला तेल सोडायचं बारीकसं भोक आहे, त्यालासुद्धा एकदा मेण. आम्ही मधमाश्या पाळतो, त्यामुळे घरात मेणाला तोटा नाही आणि ह्यांच्या अंगठ्याला उसंत नाही. बोलून बोलून माझी जीभ झिजली. पण त्या सकाळी भर रस्त्यात, पिकअपच्या मागे उकिडवी बसून मी बंपरमधल्या त्या भोकाकडे पाहिलं आणि मला बोलायचंच सुचेना. मला!

भोकाच्या जागी पिवळं मेण होतं. गच्च. वरून अंगठा फिरवून अगदी गुळगुळीत केलेलं.

"अहो, हे काय आहे?"

हे रस्त्याच्या पलीकडे बघायला लागले. पलीकडे काहीही नव्हतं, नुसतं तारेचं कुंपण.

"धूळ जाते आत," ते म्हणाले.

"आणि गाडी बनवणाऱ्याने हे भोक कशासाठी ठेवलंय?"

"ते सळई घालायला."

"सळई कशाला घालायची?"

"जादाचा टायर खाली सोडायला."

"आणि आत्ता आपल्याला काय हवंय?"

सूनबाई जॅक घेऊन बाजूला उभी होती. ती तोंड फिरवून खोकली. तिला सर्दी नव्हती. सासऱ्यांसमोर हसायचं नाही म्हणून ती खोकते, हे मला तिच्या लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळलंय.

ज्या कुणी शहाण्याने हा जादाचा टायर गाडीच्या पोटाखाली टांगायची शक्कल काढली, त्याला एकदा माझ्यासमोर आणून उभा करा. मोटारीत कसा छान मागच्या डिकीत असतो, झाकण उचललं की हाताला येतो. पिकअपचा तसा नाही. तो पार खाली, चिखलाच्या आणि धुळीच्या राज्यात, तारेच्या एका दोरावर लटकलेला. वर एक चरखी. मागच्या भोकातून लांब सळई आत घालायची, ती चरखीच्या खाचेत बरोबर बसवायची आणि फिरवत राहायचं. मग विहिरीत बादली सोडावी तसा टायर खाली येतो. म्हणजे यायला हवा. आणि टायर फुटतो तो काही घराच्या अंगणात, पोट भरलेलं असताना फुटत नाही.

आमचा फुटला तेव्हा गाडीत माश्या होत्या. मागे दोन थरांत पेट्या, पट्ट्याने आवळलेल्या, वर जाळी. प्रत्येक पेटीचं दार पट्टी ठोकून बंद. फळबागेला मोहोर आला की बागवाले आम्हाला बोलावतात. माश्या मोहोरावर फिरल्या तर फळ धरतं. म्हणून उजाडता उजाडता, हवा गार असतानाच आम्ही निघालो. सूनबाई गाडी चालवत होती, मी मधे, हे खिडकीशी. अर्धा रस्ता झाला आणि मागचं डावं चाक फाटकन गेलं.

ज्याने माश्या पाळल्या नाहीत त्याला वाटेल, एवढं काय, उशीर होईल. पण बंद पेटीवर ऊन चढलं की आत भट्टी होते. माश्या पंख मारून मारून वारा घालतात, त्याने आणखी तापतं. मग पोळी मऊ पडून कोसळतात आणि मध अंगावर सांडून सगळ्या बुडून मरतात. दारं उघडून दिली तर वाचतील, पण मग इथेच उडणार. येणाऱ्या-जाणाऱ्याला डसणार, गाड्यांच्या काचांवर आपटून मरणार, आणि उरलेल्या कुठल्या झाडाला जाऊन लटकतील त्याचा नेम नाही. बाग तर हातची जाणारच.

आणि ह्या साध्यासुध्या पेट्या नव्हत्या. मागे रोगाचं वर्ष आलं होतं, तेव्हा आमच्या पेट्या एकामागून एक रिकाम्या झाल्या. सकाळी झाकण उचलावं तर तळाशी माश्यांचा थर, सुपारीच्या भुश्यासारखा. मोजक्या तगल्या. त्या मोजक्यांमधून राण्या वाढवून, पोळी वाटून देऊन, आपल्या घरातली साखर त्यांना पाजून मी हा सगळा संसार पुन्हा उभा केला. लोक म्हणतात नशीब. नशीब कसलं डोंबलाचं! मी केलं.

तेव्हा त्या गाडीवर काय होतं ते सांगितलं. पुढे ऐका.

मागची बाजू आधी उचलावी लागणार होती, कारण चाक बसल्यामुळे बंपर जवळजवळ जमिनीला टेकला होता आणि टायर खाली सोडला तरी बाहेर निघाला नसता. रस्त्याकडेची माती भुसभुशीत. जॅक लावला की जॅकच आत रुतायचा. सूनबाईने माझ्याकडे बघितलं. जादाची म्हणून आणलेली एक रिकामी पेटी होती, तिचा तळ चांगल्या लाकडाचा, माझ्या आवडीचा. मी नाही म्हणणार होते. मग वरच्या माश्यांकडे बघितलं आणि म्हटलं, "घे, पण जपून." तिने तो तळ जॅकखाली घातला, बाकीच्या चाकांना दगड लावले, आणि गाडी वर आली. मग त्याच रिकाम्या पेटीचा सांगाडा उभा करून गाडीच्या लोखंडाखाली टेकू दिला. मुलगी हुशार आहे. तोंडावर सांगत नाही मी, डोक्यात जातं.

आता मेण. सकाळच्या गारव्यात ते दगड झालं होतं. मी केसातला आकडा घातला, आकडा वाकला. सूनबाईने पाना आपटला, पिवळे टवके उडाले, बस.

"गरम काहीतरी लागेल," ती म्हणाली.

आम्हा दोघींची नजर एकदमच ह्यांच्या काखेत गेली. काखेत चहाचा थर्मास होता.

"छे छे," हे म्हणाले. "मी अजून घोटसुद्धा घेतला नाही."

"घेऊही नका. आणा इकडे."

चहा भोकावर ओतला. सूनबाई ओतत होती, मी काडीने खरवडत होते, आणि हे बाजूला उभे राहून प्रत्येक घोटाबरोबर आवंढा गिळत होते. शेवटी मेणाचं बूच सैल झालं आणि अख्खं बाहेर आलं, बाटलीच्या बुचासारखं. त्यावर ह्यांच्या अंगठ्याचा ठसा तसाच. मी ते रस्त्यात फेकणार, तेवढ्यात ह्यांनी हात पुढे केला आणि ते खिशात घातलं. वाया जाऊ नये म्हणून!

सळई आत गेली. सूनबाईने तिला पाना लावला. हे गाडीखाली शिरले, चरखी दिसते का बघायला. आमच्या तिघांत तिथे मावणारे तेच. सुतळीचा तोडा असावा तसे आहेत. पाय आमच्याकडे, डोकं आत.

"उलटं फिरव," आतून आवाज आला.

तिने फिरवलं.

"अगं उलटं!"

"बाबा, उलटंच फिरवतेय."

"ते सुलटं झालं. उलटं फिरव!"

"तुमचं उलटं की माझं उलटं?"

"उलट्यात काय माझं-तुझं? उलटं म्हणजे उलटं!"

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही उताणे पडलाय, पाय आमच्याकडे करून. तुम्हाला सगळं जगच उलटं दिसणार. गप्प पडून राहा. सूनबाई, मधाच्या बरणीचं झाकण उघडतेस ना, तसं फिरव."

तिने तसं फिरवलं. नाही फिरलं. मी तिला बाजूला करून स्वतः हात घातला. माझ्या हाताला जोर आहे, भरलेली पेटी मी अजून एकटी उचलते. सळई वाकायला आली, पण चरखी काही जागची हलेना.

"अहो," मी खाली वाकून विचारलं, "चरखीतसुद्धा?"

बाहेर दिसणारे त्यांचे पाय आखडले. 

"गंज धरू नये म्हणून."

"किती?"

"वितळवून ओतलं होतं. चांगलं भरून. तारेच्या दोरालापण."

मी रस्त्यावर बसकण मारली. ओरडायचं होतं, पण ओरडायला श्वास उरला पाहिजे ना.

ही खोड त्यांना जन्मापासूनची नाही. रोगाच्या वर्षी लागली. कुणीतरी सांगितलं होतं, पेटीच्या फटींतून रोग आत शिरतो. हे दिवसभर मेणाचा डबा घेऊन पेट्यांभोवती फिरायचे, फटी बुजवायचे. जेवायला हाक मारली तरी यायचे नाहीत. सगळ्या फटी बुजल्या तोवर आत जपण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. मग ते घराकडे वळले. दारं, खिडक्या, कपाटं. बोलले कधी नाहीत त्याबद्दल. मी आरडाओरडा करते, पण मेणाचा डबा मी कधी लपवून ठेवला नाही. त्या रस्त्यात बसले असताना मात्र वाटलं, लपवायला हवा होता.

तेवढ्यात दुधाची गाडी येऊन थांबली. गाडीवाला उतरला, गाडीची किल्ली बोटात फिरवत. अशा माणसांना दुसऱ्याची फसलेली गाडी दिसली की काय आनंद होतो!

"काय मावशी, टायर निघत नाही?"

"नाही, आम्ही गाडीखाली सावलीत झोपायला आलोय."

तो हसला. वाकून बघितलं. "ह्या पिकअपचं असंच असतं. माझ्या भावाच्या गाडीचा तारेचा दोर गंजून तुटला होता, टायर काढायला कटरने सगळं कापावं लागलं. तुमचंही तसंच असणार. गावातल्या मेकॅनिकला निरोप देतो, दुपारपर्यंत येईल."

"दुपारपर्यंत?"

"लवकर आला तर."

"तुझ्या गाडीत पेट्या घेतोस?"

त्याने जाळीवर कान दिला आणि दोन पावलं मागे सरकला. "मावशी, दूध आहे हो. आणि मलाही घरी बायको-पोरं आहेत."

त्याचा दोष नव्हता. पण त्याने कान दिला म्हणून मीही दिला. सकाळपासून वरून एक सुखाची घुमघुम येत होती, लांबवर पिठाची गिरणी चालू असल्यासारखी. तो आवाज आता राहिला नव्हता. आता पाणी उकळी फुटायच्या आधी भांडं बोलतं, तसा झाला होता. बारीक, घाईचा. ऊन जाळीच्या कडेला येऊन पोचलं होतं.

"आई," सूनबाई म्हणाली, "दारं उघडायची का?"

मी विचार केला. जीव वाचवायचे की काम वाचवायचं, असा तो विचार होता, आणि ह्या दोन्हींतलं एकही सोडायला माझं मन तयार नव्हतं. "अजून थोडं थांब," मी म्हटलं. "मी सांगेन तेव्हा."

"खाली विस्तव करू या का?" दूधवाल्याने विचारलं.

"वर माश्या, शेजारी डिझेलची टाकी. तुम्ही करा, आम्ही लांबून बघतो," सूनबाई म्हणाली. माझ्या तोंडचं वाक्य! ही माझ्याकडे राहून बिघडत चालली आहे.

तेवढ्यात गाडीखालून आवाज आला. "धुराडं द्या."

धुराडं म्हणजे पत्र्याचा डबा, त्याला मागे छोटा भाता. आत गोणपाट पेटवायचं आणि भाता दाबून धूर सोडायचा. पेटी उघडण्याआधी तो धूर दिला की माश्या शांत होतात.

"धूर कुणाला देताय?" मी विचारलं. "टायर काय चावतोय?"

"धूर नको. बूड हवं. त्याचं बूड तापतं, जाळ बाहेर येत नाही. चरखीला टेकवून धरतो."

 बरोबर होतं. धुराड्याचं बूड कसं तापतं ते मला माहीत होतं, माझ्या हातावर डाग आहे. पण मला सुचलं नाही. ह्यांना सुचलं.

सूनबाईने गोणपाट कोंबलं, पेटवलं, भाता दाबून दाबून डबा लालबुंद व्हायच्या बेताला आणला. मी ह्यांचे पेट्यांवरचे जाड हातमोजे आत सारले. मग धुराडं. आतून नुसता खोकला आणि भात्याचा फस् फस् आवाज.

"अहो, जमतंय का?"

"हूं."

"गुदमरतंय का?"

"हूं."

"बाहेर या मग!"

"फिरव म्हटलं की फिरव," ते म्हणाले. इतक्या वर्षांत ह्यांनी हुकूम दिलेला मला तरी आठवत नाही.

खाली टप टप व्हायला लागलं. मातीवर पिवळे थेंब. वितळत्या मेणाचा वास वर गेला तशा पेट्यांतल्या माश्या आणखीच चाळवल्या. मी सळई धरून बसले. घाम डोळ्यांत जात होता, पुसायला हात मोकळा नव्हता. सूनबाई पेट्यांशी जाऊन उभी राहिली, पट्ट्या उपटायचा चिमटा हातात घेऊन. आमच्या दोघींचे डोळे एकमेकींवर होते. वरचा आवाज आणखी चढला असता तर मी मान हलवली असती आणि तिने पहिली पट्टी उपटली असती. मान जवळजवळ हललीच होती.

"फिरव!"

मी फिरवलं. बरणीच्या झाकणासारखं. आधी काही नाही. मग आत कुठेतरी कट् झालं, आणि सळई हातात अशी सैल आली की मी तोंडावर पडता पडता वाचले. फिरली! एकदा फिरली ती फिरतच राहिली. कुरकुर नाही, अडणं नाही, लोण्यातून सुरी जावी तशी. गाडीच्या पोटाखालून टायर डुलत डुलत उतरला आणि मातीवर अलगद बसला.

मी जी ओरडले! दूधवाल्याच्या हातातली किल्ली पडली.

हे बाहेर सरपटत आले. तोंड काळं, भुवईवर मेणाचा थेंब थिजलेला, मान भाजून लाल. टायरच्या मधल्या भोकातून दोराच्या टोकाची पट्टी तिरकी करून सोडवायची असते, तीसुद्धा त्यांनीच सोडवली. सूनबाईने टायर ओढून घेतला, दाबून बघितला. हवा होती. हवा भरायच्या तोटीवरसुद्धा मेणाची छोटीशी टोपी. ह्या वेळी ती खोकली नाही, मोकळेपणाने हसली.

दूधवाला त्या लोंबणाऱ्या दोराकडे बघत राहिला होता. हात लावला, बोटाने पुसून बघितलं.

"काका, हा दोर नवीन बसवलाय का?"

"नाही," हे म्हणाले. "गाडीबरोबरचाच."

"एवढ्या वर्षांचा? एक तार गंजलेली नाही हो!" त्याने माझ्याकडे बघितलं. "मावशी, भावाला मी हे सांगणार. असं मेण मिळेल का तुमच्याकडे?"

आता मी काय बोलणार? तुम्हीच सांगा. ज्या मेणाने माझा जीव घशाशी आणला, त्याच मेणाचं कौतुक मला माझ्याच तोंडावर ऐकावं लागलं. "मिळेल," मी म्हटलं. "घरी ये. भोकं सोडून कुठे लावायचं तेही शिकवीन."

चाक सूनबाईने बदललं. दुसऱ्या कुणाला मी हात लावू दिला नाही, कारण आता तिचा नंबर होता आणि तिला तो हवा होता. शेवटी नट आवळताना तिने पान्यावर पाय देऊन सगळं अंग टाकलं. मग अशी गाडी हाकली की हे दाराची मूठ धरून बसले. मी मागच्या काचेला कान लावून होते. वारा जाळीतून वाहायला लागला तसा तो बारीक आवाज हळूहळू खाली उतरला आणि पुन्हा गिरणी सुरू झाली.

बागवाला फाटकात उभा होता. "म्हटलं, आता येत नाही तुम्ही."

"आम्ही येतो म्हटलं की येतो," मी म्हटलं. "चहा ठेवायला सांगा. एक माणूस सकाळपासून बिनचहाचा आहे."

पेट्या झाडांखाली लागल्या. मी एकेक पट्टी उपटत गेले. दारात आधी दोन-चार माश्या आल्या, उजेडाला तोंड देऊन थबकल्या, मागे वळून आपलं घर नीट बघून घेतलं, मग गोल गोल फिरत वर गेल्या. त्यांच्यामागून धार लागली. थोड्याच वेळात वरचा पांढरा मोहोर नुसता गुणगुणत होता. शेवटच्या पेटीचं झाकण उचलून मी तळ बघितला. हे शेजारी येऊन उभे राहिले. तोंडाने विचारेनात. रोगाच्या वर्षी मी झाकण उचलायची तेव्हाही असेच उभे राहायचे.

"मेलेल्या मूठभरसुद्धा नाहीत," मी म्हटलं. "राणी ठणठणीत आहे."

 त्यांनी नुसती मान हलवली, आणि दोनदा नाक ओढलं. धुरामुळे असेल. मग त्यांचा अंगठा आपोआप पेटीच्या कोपऱ्याकडे गेला. रस्त्याच्या धक्क्याने तिथे सांधा किंचित उकलला होता. अंगठा अर्ध्यात थांबला आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं, साखरेच्या डब्याशी पकडलेलं लहान मूल बघतं तसं.

बागवाला चहा घेऊन आला होता, सूनबाई शेजारी उभी होती, आणि मला सगळ्यांच्या देखत बोलायचं होतं. म्हणून मी मोठ्याने बोलले.

"बघताय काय, बुजवा ती फट. आणि ऐका. आजची चूक तुमची होती, आणि आजचं काम तुमच्याच हातून झालं. दोन्ही लक्षात ठेवा. पहिलं जरा जास्त."